शिट्टी कुणाच्या गळ्यात?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरावे आणि 'प्रशाला कुठे आहे?' म्हणून विचारावे. स्टँडसमोरचा पानटपरीवाला नुसता हात करून रस्ता दाखवतो. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना हा शब्द कदाचित सवयीचा नसेल. तिकडे हायस्कूल म्हटले की ते एखाद्या शिक्षण संस्थेचे असते, कुणाच्या तरी नावाचे असते. आमच्या मराठवाड्यात मात्र जिल्हा परिषदेचे स्वतःचे हायस्कूल असते आणि त्याला प्रशाला म्हणतात. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी या आठही तालुक्यांतल्या दोन-तीन पिढ्या अशा प्रशालांतून दहावी झाल्या. मीही त्यांतलाच एक.

या प्रशालेला बहुतेक ठिकाणी एक मैदान असते आणि ते गावातली सगळ्यात मोठी मोकळी जागा असते. त्यामुळे गावाची सगळी मोठी कामे तिथेच होतात. सव्वीस जानेवारीचे संचलन तिथे, निवडणुकीच्या साहित्याचे वाटप तिथे, पुढाऱ्यांच्या सभा तिथे, सप्ताहाचा मंडप तिथे, कृषी प्रदर्शन तिथे, आणि मंत्री आले तर त्यांचे हेलिकॉप्टरही तिथेच उतरते. एवढे सगळे होणाऱ्या या मैदानावर जी एक गोष्ट रोज, वेळेवर, कुणाच्या तरी देखरेखीखाली व्हायला हवी ती मात्र होत नाही. ती म्हणजे मुलांचा खेळ.

मला या लेखात खेळाचे गुणगान करायचे नाही. खेळाने शरीर सुदृढ होते, मन निर्मळ होते हे आपण सगळ्यांनी शाळेतल्या निबंधात लिहून झाले आहे. माझे म्हणणे साधे आणि थोडे व्यवहाराचे आहे. ज्या घरात क्लबची फी भरायला, शहरात खोली घ्यायला, बूट विकत घ्यायला पैसे नाहीत, त्या घरातल्या मुलामुलीला खेळात पुढे जाण्याची एकच वाट असते आणि ती प्रशालेच्या मैदानातून जाते. ही वाट बुजत चालली आहे. मैदाने बरीचशी शाबूत आहेत. हरवला आहे तो त्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस.

हा माणूस एके काळी होता. निजामाच्या राजवटीत शाळांना तहतानिया, वस्तानिया, फोकानिया अशी नावे होती. शिक्षण उर्दूतून चाले. मराठी घरातल्या मुलांना त्या भाषेचा किती जाच होई हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून मी पुष्कळ ऐकले आहे आणि त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण सरकारी हायस्कुलात ड्रिल मास्टर नावाचा माणूस असे आणि त्याला हेडमास्तरांच्या खालोखाल मान असे, हेही त्याच वडीलधाऱ्यांनी सांगितले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सरकारी हायस्कुलांचा कारभार पुढे त्यांच्याकडे आला. शाळेची भाषा बदलली, पण ड्रिल मास्टरची जागा पी. टी.च्या सरांनी घेतली आणि परंपरा टिकली.

ही परंपरा किती मोठी होती याचे एक उदाहरण जुन्या हैदराबादचेच आहे. भारताच्या फुटबॉल संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. या तिन्ही संघांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हे रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. शारीरिक शिक्षणाची पदविका त्यांनी घेतली होती. ज्या संस्थानाचा मराठवाडा हा भाग होता, त्या संस्थानच्या राजधानीतल्या एका शाळाशिक्षकाने देशाला त्याचा सर्वांत चांगला फुटबॉल संघ घडवून दिला. अलीकडे त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा पुष्कळांना ते नाव कळले. पण चित्रपट पाहून बाहेर पडताना आपल्या गावच्या शाळेत आज असा मास्तर आहे का, हा प्रश्न किती जणांच्या मनात आला असेल?

१९७२ च्या दुष्काळात मी सहावीत होतो. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. तो झाला १९८१ च्या १ मे रोजी. आमचे गाव औरंगाबाद जिल्ह्यात होते. विहिरी आटल्या होत्या, घरची मोठी माणसे खडी फोडायला जात होती आणि शाळेत आम्हाला सुकडी मिळत होती. अशा वर्षात खेळ बंद पडायला हवे होते. आमच्या पी. टी.च्या सरांनी ते बंद पडू दिले नाहीत. फक्त पळण्याचे अंतर कमी केले, वेळ सकाळची केली आणि सुकडी खाल्ल्याशिवाय कुणी मैदानावर यायचे नाही असा नियम केला. फक्की महाग पडते म्हणून राखेने खो-खोचे मैदान आखले जाई.

या सरांची एक जाड, कापडी बांधणीची वही होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलगा शंभर मीटर किती सेकंदांत पळतो, लांब उडी किती मारतो हे ते त्यात लिहीत आणि वार्षिक परीक्षेच्या आधी पुन्हा मोजत. स्टॉपवॉच नव्हते, मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर काम चाले. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. माझ्या नावापुढचे दोन्ही आकडे फारसे बोलके नसत. पण वर्षभरात उडी वीतभर वाढली की सर ती सगळ्यांना वाचून दाखवत. पुढे बँकेत गेल्यावर लेजर हा प्रकार हातात आला तेव्हा त्या वहीची किंमत मला कळली. खात्यावर नोंद नसेल तर पैसे असून नसल्यासारखे. मुलाच्या अंगातल्या वेगाचेही तसेच आहे. तो कुणी मोजून लिहिला नाही तर गावाच्या दृष्टीने तो मुलगा वेगवान नसतोच, फार तर उनाड असतो.

आज परिस्थिती काय आहे? अनेक प्रशालांत शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही. खेळाचा तास गणिताच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाकडे दिला जातो आणि तो बिचारा एक चेंडू मुलांच्या हाती देऊन वह्या तपासत बसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जनगणना त्याच्याकडे, मतदार यादी त्याच्याकडे, पोषण आहाराचा हिशेब त्याच्याकडे. त्यात शिट्टीची भर कुठे घालायची?

कायदा तरी काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे असे लिहिले आहे. खेळाचे साहित्य असावे असेही लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असेही त्यात आहे. म्हणजे मैदान पूर्णवेळ आणि शिकवणारा अर्धवेळ, तोही शंभर मुले भरली तरच! आमच्याकडे अशा निदेशकांच्या मानधनावर नेमणुका झाल्या, पण त्यांना स्थैर्य कधी लाभले नाही. आणि खेड्यापाड्यांत, जिथे पट नव्वदवर आला आहे, तिथे कायद्यानेच शिट्टी काढून घेतली.

यावर नेहमीचा प्रश्न येतो तो पालकांचा. घनसावंगी तालुक्यातल्या एका शाखेत मी होतो तेव्हा पीक कर्जाच्या कामाने आलेल्या एका शेतकऱ्याने मला विचारले होते, "साहेब, पोरगं लई पळतंय. पर पळून करायचं काय?" शिकशील तर नवाब होशील आणि खेळशील तर वाया जाशील अशा अर्थाची हिंदी म्हण आमच्याकडे अजून घरोघर ऐकू येते, त्याचीच ही शेतकरी आवृत्ती. प्रश्न चुकीचा नाही. तीन एकर कोरडवाहू असलेल्या बापाने तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मी बँकेतल्या अनुभवावरून देतो.

जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे. नोकरीच्या काळात पगाराची खाती मी पुष्कळ उघडली. शिपाई, जवान, वनरक्षक अशा पहिल्या पगाराच्या खातेदारांची घरची पार्श्वभूमी पाहिली तर बहुतेक जण अल्पभूधारकाची किंवा मजुराची मुले. त्यांच्याकडे ना तारण होते, ना ओळख. त्यांनी जे पणाला लावले ते पाय आणि छाती. आजही पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक असते. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण २००५ पासून आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. तेव्हा पळून काय करायचे, याचे उत्तर आमच्या जिल्ह्यात तरी स्पष्ट आहे. पळून नोकरी मिळते, घर उभे राहते, धाकट्या बहिणीचे शिक्षण होते.

पण हे पळणे सुरू कुठे होते ते पाहा. दहावी होईपर्यंत ज्याला कुणी पळायला शिकवले नाही, तो मुलगा विसाव्या वर्षी भरतीची जाहिरात निघाली की अचानक पहाटे उठून धावू लागतो. कुठे? प्रशालेच्या फाटकाला कुलूप असते, म्हणून हमरस्त्यावर. पहाटे पाचला जालन्याहून अंबडकडे किंवा मंठ्याकडे निघालात तर गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेने धावणारी ही मुले आणि आता मुलीही तुम्हाला दिसतील.

१९ जानेवारी २०२५, रविवार. शेजारच्या बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पहाटे रस्त्यावर व्यायाम करणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना एस.टी. बसने उडवले. तीन तरुण गेले. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, मुलांनी ५४-३६ असे. मुलींच्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, जिचे मूळ गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आहे. तिचे कुटुंब पिंपरी-चिंचवडला गेले, तिथे ती वाढली आणि खेळली. एकाच जिल्ह्याच्या या दोन बातम्या दुसऱ्या दिवशी वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र मिटले नाही. एका बातमीत मैदान मिळालेली मुलगी होती. दुसरीत मैदान न मिळालेली मुले होती. त्या तिघांच्या घरी आज जे असेल त्याला कुठल्याही आकडेवारीने भरपाई होत नाही. पण गावातले कुलूपबंद मैदान पहाटे पाच ते सात उघडे ठेवायला फक्त एक किल्ली लागते, हे त्या दिवसानंतर तरी प्रत्येक ग्रामपंचायतीला समजायला हवे होते.

बीडचेच आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर कामाला. शाळेत जायला गाडी नव्हती, म्हणून तो रोजचे अंतर पायी कापायचा, पळायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. २०१५ मध्ये तिथल्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरला आणि पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या हांगझाऊ आशियाई खेळांत सुवर्ण आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. आपण त्याचा सत्कार करतो, त्याच्या नावाचे फलक लावतो आणि ते योग्यच आहे. पण या कहाणीतला हिशेब नीट पाहिला पाहिजे. या मुलाचे खरे खेळाडूपण विशीनंतर सुरू झाले. जगात लांब पल्ल्याचे धावपटू ज्या वयात जागतिक स्पर्धांत उतरलेले असतात, त्या वयात आपला मुलगा नोकरीत स्थिरावून पहिल्यांदा शास्त्रशुद्ध शिकत होता. जो इतक्या उशिरा सुरुवात करून इतका पुढे गेला, त्याच्यासारखे आणखी किती जण वीटभट्टीवरच राहिले?

मुलींची गोष्ट तर याहून अवघड. आमच्या वेळी खेळाच्या तासाला मुली लिंबाखाली बसून असत. आता तसे नाही. खो-खोने मराठवाड्यातल्या मुलींना मोठा आधार दिला. या खेळाला लागते काय? २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा, दोन खांब आणि फक्की. धाराशिवची सारिका काळे याच खेळातून भारताची कर्णधार झाली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघाने सुवर्ण जिंकले, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तालुका क्रीडा अधिकारी झाली. घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, पण तिला नियमित शिकवणारा प्रशिक्षक गावातच होता. आठवी-नववीतली मुलगी मैदानावर टिकते की घरी बसते, हे बऱ्याचदा अशा एका विश्वासाच्या माणसावर ठरते. सोबत कोण आहे, परत कधी येणार, कपडे कुठे बदलायचे या प्रश्नांची उत्तरे आईला मिळाली की ती नाही म्हणत नाही. ज्या वयात लग्नाची बोलणी सुरू होतात त्या वयात जिल्हा संघात निवड झालेली मुलगी दोन वर्षे तरी वाचते, हे मी माझ्या नात्यातच पाहिले आहे.

आता एक गोष्ट सांगतो, जी शहरातल्या क्रीडाप्रेमींच्या सहसा लक्षात येत नाही. शालेय स्पर्धांची चढती भाजणी असते. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. पावसाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा सुरू होतात आणि दिवाळीच्या आगेमागे विभाग-राज्य पातळी येते. नेमक्या याच दिवसांत मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तालुक्यात पहिला आलेला मुलगा विभागाच्या स्पर्धेच्या वेळी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असतो किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत असतो. कागदावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच येते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती मुलाच्या जेवणाची सोय करते. मैदानावर निवडल्या गेलेल्या मुलांचा विचार त्यात आधी झाला आणि शाळेतल्या कुणी त्यांच्या आईबापांची समजूत काढली, तर ही गळती पुष्कळ थांबेल. पण समजूत काढणारा माणूस पुन्हा तोच, ज्याची जागा रिकामी आहे.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. २००१ मध्ये राज्याचे क्रीडा धोरण आले, जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांची योजना आली, क्रीडा प्रबोधिन्या निघाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसळे प्रबोधिनीतूनच पुढे गेला आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. जालन्यात २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली तेव्हा आझाद मैदानावर लोटलेली गर्दी पाहून या जिल्ह्याला खेळाचे वावडे आहे असे कुणी म्हणू शकणार नाही. जालन्याचाच विजय झोल २०१४ च्या विश्वचषकात भारताच्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघाचा कर्णधार होता. पण संकुल म्हणजे शाळा नव्हे. ते गावाबाहेर असते. सायकल नसलेल्या मुलीला ते लांबच. आणि इमारत बांधली की काम संपले असे मानण्याची आपली जुनी सवय आहे. इमारतीचे उद्घाटन होते, शिक्षकाच्या नेमणुकीचे होत नाही.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या जाण्याच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७ हजार रुपयांना गहाण ठेवले होते. आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो. बँकेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला ती ऐकताना अवघडल्यासारखे होते. शिष्यासाठी गुरूने घर गहाण ठेवावे लागते, याचा अर्थ ज्याने पैसे द्यायचे त्याने ते दिले नाहीत. आजही जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघाचे तिकीट आणि दुपारचा वडापाव कितीतरी ठिकाणी शिक्षकाच्या खिशातून जातो. रक्कम लहान झाली, पण रीत तीच राहिली. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात. त्याच दिवशी वर्षभराचा प्रवासखर्च शाळेच्या खात्यावर जमा झाला तर भाषणांची गरज उरणार नाही.

काही जण म्हणतील, जालन्यासारख्या जिल्ह्याकडून एवढी अपेक्षा कशाला? वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटाकडे पाहा. लोकसंख्या सुमारे अठ्ठावीस लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या जालना जिल्ह्याची होती साडेएकोणीस लाखांवर. म्हणजे दीड जालना धरा. या बेटाने उसेन बोल्ट दिला, आणि तो एकटा नव्हे, पुरुष-स्त्री धावपटूंची सबंध रांग दिली. तिथेही ऊस आहे, गरिबी आहे, स्थलांतर आहे. त्यांचे गुपित काय? १९१० पासून तिथे हायस्कुलांच्या मैदानी स्पर्धा होतात. सुरुवातीला मुलांच्या, नंतर मुलींच्याही. त्यांना लोक नुसते 'चॅम्प्स' म्हणतात आणि त्या पाहायला सगळे स्टेडियम भरते. बोल्ट आपल्या हायस्कुलाच्या नावाने याच स्पर्धेत धावला. आणि दुसरे म्हणजे, १९८० मध्ये क्यूबाच्या मदतीने त्यांनी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारे एक महाविद्यालय उभारले. तिथून बाहेर पडलेले शिक्षक हायस्कुलांमध्ये गेले. एक शर्यत आणि एक शिक्षक, एवढ्यावर त्यांनी भर दिला. शर्यत आपल्याकडेही आहे.

मग करायचे काय? पन्नास कोटींचे संकुल मी मागत नाही. चार गोष्टी मागतो.

पहिली, प्रत्येक प्रशालेला शारीरिक शिक्षणाचा पूर्णवेळ शिक्षक. पट कमी असेल तर एका केंद्रातल्या चार-पाच शाळांना मिळून एक द्या, पण तो पटसंख्येच्या अटीत अडकवू नका. दुसरी, मैदानाचे रक्षण. प्रशालेची जागा आता ऐन बाजारात आली आहे आणि रस्त्यालगत गाळे काढून उत्पन्न वाढवण्याची योजना कुणाच्या तरी फायलीत असतेच. गाळ्याचे भाडे दरमहा दिसते, म्हणून ते गोड वाटते. पण एकदा गेलेले मैदान जिल्हा परिषद पुन्हा विकत घेऊ शकणार नाही, हे कोणत्याही बँकेच्या मूल्यांकन अधिकाऱ्याला विचारा. तिसरी, पहाटे आणि संध्याकाळी मैदान गावाच्या मुलांना उघडे ठेवणे आणि त्याची जबाबदारी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीने घेणे. चौथी, वही. प्रत्येक मुलाची आणि मुलीची वर्षातून दोनदा मोजणी आणि ती नोंद दहावीपर्यंत त्याच्याबरोबर जाणे.

या चौथ्या मागणीला हसू नका. गेल्या काही वर्षांत बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे मराठवाड्यात उघडकीस आली. जे कधी मैदानावर उतरले नाहीत त्यांनी खेळाडूंच्या राखीव जागा घेतल्या. ही चोरी शक्य झाली, कारण खऱ्या खेळाडूचा शाळेपासूनचा सलग माग कुठे नव्हता. पाचवीपासूनची नोंद असलेला मुलगा आणि एका रात्रीत प्रमाणपत्र मिळवलेला मुलगा यांतला फरक एक कारकूनसुद्धा ओळखू शकेल. खेड्यातल्या प्रामाणिक मुलाचे ते सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे.

प्रशालांत मुलेच राहिली नाहीत, सगळी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसून गेली, मग खेळ कुणासाठी, असाही एक सूर निघतो. जी राहिली आहेत ती कोण आहेत ते पाहा. ती मजुरांची, ऊसतोड कामगारांची, लहान शेतकऱ्यांची मुले आहेत. त्यांच्या घरी दुसरी सोय नाही म्हणून ती इथे आहेत. त्यांच्यासाठी मैदान हा अवांतर विषय नाही. आणि ज्या इंग्रजी शाळांकडे आपण धावलो त्यांतल्या कित्येकांना खेळायला एक अंगण म्हणावे एवढीही जागा नाही. जिल्हा परिषदेकडे जे आहे ते त्यांच्याकडे पैसे मोजूनही येणार नाही. मैदानावर शिक्षक उभा राहिला तर काही मुले परत येतील असे मला मनापासून वाटते.

ही सगळी कामे मुंबईतून व्हायची आहेत असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालक आहेत. वाचकांपैकी कुणाचे मूल, भाचा, पुतणी जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर पुढच्या बैठकीला जा. तीनच प्रश्न विचारा. खेळाचा तास कोण घेते? फाटकाची किल्ली कुणाकडे आहे? माझी मुलगी शंभर मीटर किती सेकंदांत पळते? पहिल्या दोन प्रश्नांची काहीतरी उत्तरे मिळतील. तिसऱ्याचे उत्तर वहीत पाहून देता आले पाहिजे. ते मिळेपर्यंत प्रत्येक बैठकीत हाच प्रश्न इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरा.